तीदाचं रक्त, सैनीचं रक्त

९ जानेवारी २०१२

वहिनीने आज पुन्हा अडवलं. अंगणातच, भुईमुगाच्या ढिगापाशी. "सातांग, अख्ख्या फाराफेन्नी गावाचं रक्त तुझ्या फ्रीजमध्ये. आमच्या होणाऱ्या सुनेचं तेवढं सांगता येत नाही?"

"नाही सांगता येत, वहिनी."

"म्हणजे काहीतरी आहे!"

झालं. माझ्या 'नाही'चा अर्थ तिने लावून टाकला.

काही नाहीये! होणारी सून तीदा ठणठणीत आहे. ब-कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस-बी, आहे ती सैनीला — वहिनीच्याच लेकाला, माझ्या भाच्याला. नव्या गोळ्या तपासायच्या अभ्यासात तो माझ्याचकडे येतो, घरच्यांना चोरून. आणि तीदाला धडधाकट म्हटलं, की पुढचा प्रश्न सैनीचाच येणार.

एकदा बोलले, की या गावात सुईपुढे हात कोण धरील?

११ जानेवारी

दादाने बोलावलं. पाहुण्याने तीन पेले प्यायल्याशिवाय उठायचं नसतं; त्या चहाचा पहिला पेला माझ्या हातात देऊन म्हणाला, "घरातली डॉक्टर घराच्या काय कामाची?"

"दादा, तीदाच काय, मी कुणाबद्दलच सांगत नाही."

"तुला शिकवायला बैल विकले मी."

विकले. खरंच विकले. अब्बांचं पोट फुगत गेलं, डोळे पिवळे झाले, आणि गावात कुणाला कळेना हे काय आहे. म्हणून मी यकृताचंच शिक्षण धरलं. ते अजून सुटलेलं नाही. त्यांच्याच नातवात तेच दुखणं पुन्हा समोर आलंय आणि मी दुसरा पेला न घेता उठले!

१२ जानेवारी

सैनी गोळ्या न्यायला आला. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं,

"आईबापांचं राहू दे. पण त्या पोरीला सांग. ती सीमेपलीकडे जन्मली, लहानपणची लस तिला मिळालेली नाही. लस घेतली तर तिला धोका नाही. ऐकतोयस ना?"

तो गोळ्या मोजत राहिला. मी खांदे धरून हलवलं त्याला. नुसता म्हणाला, "आत्या, ओरडू नका ना."

गोळ्या खिशात घातल्या आणि गेला.

१४ जानेवारी

वहिनीने लग्न मोडलं! तीदाच्या घरी निरोप गेला — "आमची डॉक्टरीण गप्प बसली, आम्हाला तेवढं पुरे."

तीदा बाजारात बेनाचिन, मासळी घालून शिजवलेला भात, विकते. एरवी पातेलं दुपारच्या आत रिकामं होतं. आज तिच्यापाशी चिटपाखरू नाही. मी जाऊन ताटलीभर भात घेतला आणि सगळ्यांदेखत तिथेच बसून खाल्ला.

मागून कुणीतरी — "बघा, दया आली डॉक्टरीणबाईंना!"

बोलावं तर सैनी बुडतो, न बोलावं तर ही. तिच्या शेजारी बसले तरी तिचंच वाईट. तीदा मात्र शांतपणे माशा वारत होती.

१५ जानेवारी

राजधानीतून आमच्या अभ्यासाच्या मोठ्या साहेबांचा फोन. "तुमच्या गावातून अभ्यास सोडून एकही माणूस गेला नाही! कसं जमवता हो?"

तोंड बंद ठेवून, साहेब.

१७ जानेवारी

सैनीचा फोन बंद. वहिनी म्हणते भुईमूग घेऊन सीमेपलीकडे, कावलाकला गेलाय. पळाला!

दिवसभर सुया, नळ्या, नावांऐवजी आकडे. एक आकडा माझ्या घरचा.

ठरवलं. तीदाला गाठायचं. कुणाचं नाव घ्यायचं नाही. एवढंच म्हणायचं — लस टोचून घे, का ते विचारू नकोस. एवढ्यानेही मी नियम मोडतेच. मोडते तर मोडते.

१८ जानेवारी

तीदा भेटली. मी 'लस' म्हणताच हसली, दंडाला हात लावून म्हणाली, "सगळ्या टोचून झाल्यात. कावलाकला, मामाकडे राहून. लग्नाचं बोलणं व्हायच्या आधीच सैनीने मला सगळं सांगितलं होतं. तुम्हाला काही सांगायचं नाही अशी शपथ मीच त्याला घातली — तुम्ही त्या घरच्या."

"अगं, मग गाव तुला नावं ठेवतंय, आणि तू गप्प?"

"मी धडधाकट आहे म्हटल्यावर मग कोण आजारी, हे विचारलंच असतं ना त्यांनी? तुम्हीसुद्धा त्यासाठीच गप्प बसलात."

शुक्रवारी कावलाकच्या मशिदीत तिचं नि सैनीचं लग्न. मुलाकडचं कुणीच नाही. "याल, आत्या?"

हो म्हटलं.