पंचपात्रातला उत्तरध्रुव

॥ श्रीजगदंबा प्रसन्न ॥

तुळजापूर, आषाढ शुद्ध द्वादशी, शके १८६५

चिरंजीव जावईबापू विश्वंभरपंत यांसी वैजनाथशास्त्र्याचे अनेक आशीर्वाद. येथे आम्ही देवीच्या कृपेने सुखरूप आहो. सोलापुरी आपली प्रकृती व चित्रशाळेची भरभराट कशी आहे ते कळवावे. (दुसरीची चौकशी केवळ रीत म्हणून.)

आपण धाडलेली रंगपेटी व नवशिक्यांसाठी जलरंग शिकविणारे पुस्तक पोचले. सोबतच्या चिठ्ठीत ‘एकवार स्वतः करून पाहावे, मग मला दोष द्यावा’ असे आपण लिहिता. सोलापुरी आपल्या देवघरातील पंचपात्रात आपण कुंचले धुतलेत म्हणून चि. तुंगा रुसली; अक्षय्यतृतीयेस आठ दिवसांसाठी माहेरी आलेली पोर आषाढ उजाडला तरी परत जाण्याचे नाव काढीत नाही. अशा जावयाने सासऱ्यास कुंचलाच नजर करावा, यास धारिष्ट म्हणावे की निर्लज्जपणा, याचा निर्णय मला कोणत्याही शास्त्रात सापडला नाही.

पेटी आणणारा गाडीवान बलभीम याने वाटेत हिरव्या रंगाची नळी दंतमंजन समजून अर्धी संपविली. ओट्याशी उभा राहून मलाच म्हणतो, “शास्त्रीबाबा, जावयाचं मंजन लई कडू हाय, अन् फेस बी न्हाय!” आपल्या पुस्तकातला उत्तरध्रुवाचा हिरवा प्रकाश या क्षेत्री प्रथम दिसला तो त्याच्या तोंडात.

आता पुस्तकाविषयी. नवशिक्याने तांब्या काढावा, केळे काढावे. येथे पहिलाच पाठ उत्तरध्रुवावरील रात्रीच्या आकाशात हलणाऱ्या प्रकाशाचा! मुंज व्हायच्या आधी बटूला सोमयागास बसवावे, तसा हा प्रकार. उत्तरेच्या मेरूचे वर्णन पुराण सांगताना मी जन्मभर करीत आलो. तो स्वतःच्या तेजाने उजळतो. त्यास ओल्या कागदाची गरज पडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तथापि आपले तोंड कायमचे बंद व्हावे म्हणून काल एकादशीस पूजा आटोपून सोवळ्यातच बसलो. कुंचल्यास जनावराचे केस, तेव्हा तो वर्ज्य. मी दर्भाची जुडी बांधली. पुस्तक सांगते, कागद भिजवा, रंग सोडा, आणि तारे उमटावेत म्हणून ओल्या रंगावर मीठ पेरा. उपवासास साधे मीठ चालत नाही, सबब सैंधवाचे खडे टाकले. (एवढाले तारे आकाशात असते तर प्रलय कधीच झाला असता.) दर्भाने कागद ओरबाडला, हिरवा ओघळ तळापर्यंत धावला, आणि शेजारचा हैदर ओट्यावरून वाकून मोठ्या अदबीने म्हणाला, “शास्त्रीजी, बारवंतलं शेवाळ हुबेहूब उतरलंय बघा!”

त्या संतापात मी जुडी बाजूच्या पाण्यात खळबळविली. ते पंचपात्र होते.

दारात तुंगा उभी. मला वाटले, आता हिच्या रडण्याने आळी गोळा होणार. ती म्हणाली, “अहो बाबा, तुम्हीसुद्धा? कालपर्यंत त्यांना प्रायश्चित्त सांगत होतात ना!” आणि भिंतीला टेकून जी हसत सुटली, ती तिच्या आईने पाणी दिले तेव्हा थांबली. माहेरी आल्यापासून हे तिचे पहिले हसणे. मग माझ्या हातून कागद काढून घेऊन तिने तो आडवा कलता धरला. “असा धरायचा असतो. ते असंच धरतात.” ओघळ पसरत गेला आणि आकाशासारखे काहीसे दिसू लागले. (हे मी मान्य करीत नाही, केवळ कळवितो.)

सारांश, ही कला निरर्थक, ओली व सोवळ्यास घातक आहे. पेटी परत पाठवीत आहे.

आपला हितचिंतक,
वैजनाथशास्त्री

ता. क. पेटी परत पाठविता येत नाही. तुंगाने ती स्वतःच्या ट्रंकेत ठेवून वर लुगडी भरली आहेत. ‘न्यावयास या’ असे मी लिहिणे माझ्या मानास शोभत नाही, आणि न बोलाविता येणे आपल्या. मात्र देवीच्या दर्शनास आमंत्रण लागत नाही. पौर्णिमेस गर्दी होते; त्याआधी यावे, आणि हिरवी नळी आणावी. आकाशाचा डावा कोपरा राहिला आहे.

आणखी एक. पंचपात्र चिंचेने घासघासून पाहिले, तरी तळाशी हिरवी कड उरलीच. आपल्या घरच्या पंचपात्राची कड कशाने निघाली, असे तुंगा विचारते. उत्तर मला लिहू नये; तिला येऊन सांगावे.