एसीच्या डब्ब्यावरची ताडपत्री

आकांक्षाचे बाबा,

मी पोरीले आणाले अकोल्याले चालली. वांग्याची भाजी झाकून आहे, वावरातून आले की गरम करून घेजा.

वादळाच्या भीतीनं तुमी एसीच्या बाहेरच्या डब्ब्याले ताडपत्री गुंडाळली, कांद्याचा ढीग झाकावा तशी. त्याले झाकत नसतात. पावसानं त्याले काही होत नाही, पण झाकून चालवला तर गरम हवा आतच कोंडते अन् मशीन जळते. बटन दाबायच्या आधी ताडपत्री काढजा. विजा कडकडल्या तर मात्र बंद करून प्लग काढून ठेवजा.

मी फुलं घेऊन बाजारात गेली का तुमी पोरीच्या खोलीत एसी लावून बसता. मी आली का गादी थंड लागते.

तिच्या लग्नाले तुमी गेले नाही. तरी काल फोनवर तिनं पहिलं हेच विचारलं, एसीचं पाणी अजून पलंगाजवळ टपकते का, बाबा बादली ठेवते का. मी म्हटलं, रोज ठेवते.

उद्या दुपारी तिले अन् जावयाले घेऊन येतो. तुमीच बोलावलं म्हणून सांगतलं मी तिले. तिले उकाड्यात झोप येत नाही, खोली थंड करून ठेवजा.

ताडपत्री मीच काढणार होती. पण गाठ तुमी लय घट्ट मारली, माझ्यानं सुटली नाही. तुमीच सोडजा.

साधना