मागच्या चाकाचा पूर्वपक्ष

गुरुजी, आज दुपारी मला पुन्हा तुमचा राग आला. मी जपाला बसलो होतो आणि बाहेरच्या खोलीत नात टीव्हीवर परदेशातली सायकलींची शर्यत पाहत होती. जप अर्ध्यावर टाकून उठणे तुम्हांला खपले नसते. पण मी उठलो. डोंगरातला रस्ता, आणि एकामागे एक स्वार, पुढच्याच्या चाकाला मागच्याचे चाक जवळजवळ टेकलेले. मी विचारले, "हा सगळ्यांत पुढचा जिंकणार ना?" नात हसली. "छे हो आजोबा! तो दमला की बाजूला होणार. जिंकायचं ते त्याच्या मागच्यानं." "मग हा बिचारा कशाला मरमर करतो?" "बिचारा काय त्यात? पगार घेतो तो. वारा आपण अंगावर घ्यायचा, मागच्याला पाणी आणून द्यायचं, हीच त्याची नोकरी." मग मला मोह आवरेना. दिवस दिवस सीटवरून न उतरणारी ही माणसे जेवतात केव्हा, लघुशंकेला जातात कुठे, आणि रोज दुसराच कोणी पहिला येत असता शेवटी एकदाही पहिला न आलेला जिंकतो तो कोणत्या न्यायाने? तिने सगळे समजावून सांगितले. मी मात्र त्या पुढच्या स्वाराच्या पाठीकडे पाहत राहिलो, आणि मला बडनेऱ्याचा रस्ता दिसू लागला.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचा तो पहिलाच हिवाळा. बडनेऱ्याहून अमरावतीला तुमच्याकडे मी रोज पाठाला सायकलने येत असे, आणि त्या येण्याजाण्याने पायांत जे बळ आले ते अकोल्याच्या एका सायकल दुकानदाराच्या नजरेत भरले. अकोला ते अमरावती अशी शर्यत ठरली. दुकानदाराच्या बाजूने आम्ही दोघे: मी, आणि जुन्या शहरात राहणारा, त्याच्याच दुकानात पंक्चर काढणारा एक दांडगा माणूस. पहिला येईल त्याला नागपूरचा एक व्यापारी पगारावर ठेवणार होता. सायकल त्याची, खुराक त्याचा, आणि वर्षभर गावोगावच्या शर्यती. गुरुजी, मी देवाकडे तोवर विद्येखेरीज काही मागितले नव्हते. त्या महिन्यात हे मागितले. पंच म्हणून सर्वांनी एकमुखाने तुमचे नाव घेतले, कारण तुम्ही खोटे बोलत नाही हे साऱ्या अमरावतीला ठाऊक होते.

तुम्ही जीपमध्ये पुढे बसला आहात, धुळीसाठी उपरण्याचे टोक नाकाला लावलेले. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, आणि वारा थेट समोरून. तो पंक्चरवाला माझ्यापुढे निघतो आणि मान न वळवता मला ओरडून सांगतो, "ओ शास्त्रीबुवा, माह्या मांगच्या चाकाले चिपकून रहा! बाजूले गेले का हवा खासान!" मी चिकटून राहतो. मूर्तिजापूर मागे पडते तरी तो वारा छातीवर घेतो आहे. बडनेरा ओलांडल्यावर एकाएकी तो बाजूला होतो. "जा आता. माहं झालं. मांगं पाहू नका." मी गेलो. शेवटच्या रेषेवर माझ्यापुढे कोणी नव्हते. बराच वेळ गेल्यावर तो हसत हसत आला.

आणि तुम्ही उठून म्हणालात, "पहिला हा नव्हे. वारा ज्याच्या छातीवर, फळ त्याचे. हा दुसऱ्याच्या पुण्यावर आला आहे." तुम्ही त्याच्या खांद्यावर शाल घातलीत. तो गांगरला. "गुरुजी, हे काय करून राहिले तुमी? मालकानं मले याच्याचसाठी आणलं ना! हे पयले आले म्हंजे माहं काम झालं." तुम्ही गहिवरून म्हणालात, "लोभ नाही, हे तुझे मोठेपण." "मोठेपण नाही जी, काम हाये माहं! त्याले कावून बट्टा लावता?" लोक हसले. दुकानदार धुमसत राहिला, पण तुमच्यापुढे बोलणार कोण? नागपूरच्या व्यापाऱ्याने शालवाल्याला विचारले, तर तो म्हणाला, "मले लोकाले ओढता येते, पयलं येता येत नाही." मला कोणी विचारलेच नाही. दुसऱ्याच्या पुण्यावर आलेल्याला पगार कोण देणार?

निकाल चुकला म्हणून मी इतकी वर्षे जळलो नसतो. तुमच्या पाठाचा दंडक होता की सिद्धान्त सांगण्याआधी विरुद्ध बाजू पूर्ण बळानिशी मांडायची, आणि त्या पूर्वपक्षाला उत्तर दिल्यावाचून निर्णय द्यायचा नाही. मी एकदा तो गाळला तर तुम्ही मला सकाळभर अंगणात उभे केले होते. त्या संध्याकाळी मी तुमच्या पायांशी बसून विचारले, "गुरुजी, आमचा पूर्वपक्ष?" तुम्ही पोथी सोडता सोडता म्हणालात, "खेळाला कसला पूर्वपक्ष? उद्याचा पाठ म्हण." माझे अख्खे भविष्य तुम्हांला उत्तर देण्याजोगेही वाटले नाही!

तर तो आज मांडतो. फळाची आशा न धरता कर्म करावे हे तुम्ही आम्हांला मुखोद्गत करविले. मग रोजी घेऊन का होईना, एक माणूस फळ मागच्यासाठी सोडून भर वाऱ्यात ते कर्म करीत होता, आणि तुम्ही ते जीपमधून पाहिलेत, तेव्हा तुम्हांला ते ओळखू कसे आले नाही? त्याने सोडलेले फळ तुम्ही पुन्हा त्याच्याच गळ्यात बांधलेत. त्याचे काम मोडले, माझे भविष्य मोडले, आणि याला तुम्ही न्याय म्हणालात. उत्तर द्या, गुरुजी. ते द्यायला तुम्ही नाही, यासारखा दुसरा संताप नाही.

नात विचारते आहे, आजोबा, एवढं कुणाला लिहिताय? हा कागद मी घडी करून देव्हाऱ्याच्या खणात टाकीन. पाठवायला ठिकाण नाही. उद्या देवळात माझे प्रवचन आहे, विषय फलत्याग. तुम्ही शिकवलात तसाच, एक अक्षर न चुकता सांगेन, आणि लोक माना डोलावतील. पण तुमच्यापुढे खोटे बोलवत नाही, म्हणून इथे लिहितो: तो पहिला नंबर मला अजून हवा आहे.