कांदाचाळीपुढे उभी कोण?

सायखेडा,
८ एप्रिल २०२५

ती. आत्याबाईंस,
अंजलीचा सविनय जय भीम. वि. वि. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे कळून जीव भांड्यात पडला. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तुम्ही लेकीकडेच आहात, संध्याताई वाचून दाखवतीलच.

कांदे साठवायची कांदाचाळ बांधून झाली, पण माझ्या हातून भलतंच घडलं. काल अनुदानाच्या तपासणीला साहेब अचानक आले. लाभार्थ्याचा चाळीपुढे फोटो लागतो, आणि अर्ज तुमच्या नावाचा. साहेब परत कधी येतील याचा नेम नाही, म्हणून शेजारचे वाल्मीकभाऊ म्हणाले, की वहिनी, पदर घ्या अन् तुम्हीच उभ्या राहा, कोण बघतंय. घरी राहिलेला तुमचा जाड चष्माही मी घाबरून लावला. फोटो निघाला, विमलाबाई म्हणून. तेव्हापासून घास उतरत नाही. रागावू नका.

माया होती तशीच राहू द्या.
आपली सून,
अंजली

नाशिक,
११ एप्रिल २०२५

चि. अंजलीस अनेक आशीर्वाद. वि. वि. मला अजून लिहायची मनाई आहे, म्हणून संध्या लिहितेय. माझा चष्मा लावून तू साहेबांऐवजी बाभळीकडे बघितलं असशील, या विचाराने मी पोट धरून हसले. मग संध्याने झापलं, की हे हसण्यावारी न्यायचं नाही. वाल्मीकची अक्कल आता पुरे. तू जेवत जा.

माझ्या नातीला, साक्षीला गोड पापा. लोभ कमी होऊ नये.
तुझी,
आत्याबाई

सायखेडा,
१९ एप्रिल २०२५

ती. आत्याबाईंस सविनय जय भीम. वि. वि. भीती होती तेच झालं. फोटो आधारशी जुळत नाही म्हणून लाभार्थ्याला शुक्रवारी निफाडच्या कचेरीत बोलावलंय. वाल्मीकभाऊ म्हणतात, ऑपरेशननंतर चेहरा उतरला असं सांगा. तुम्हाला मी खोटं बोलायला लावू? मीच जाऊन खरं सांगते. पण केस झाली तर साक्षी कुणाजवळ राहील?

गल्लीत बोलतात, की सासू जिवंत असताना सून तिच्या जागी उभी राहिली. नवरा गेला, आता जमिनीवर डोळा. हे फार लागलं, आत्याबाई. तुम्ही येऊ नका, डोळा सांभाळा.

जमलं तर पूर्वीसारखाच जीव लावा.
अंजली

नाशिक,
२३ एप्रिल २०२५

चि. अंजलीस आशीर्वाद. वि. वि. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. उद्या सायखेड्याला येणाऱ्या ओळखीच्या बाईंकडे पत्र देतेय, म्हणजे तू निघायच्या आत मिळेल. शुक्रवारी जाऊ नकोस. काल मीच संध्याला घेऊन निफाडला जाऊन आले.

साहेबांनी कॉम्प्युटरवर फोटो दाखवला. माझा धम्मपाल गेल्यापासून ते शेत तूच कसतेस. चाळीचे खड्डे तू खणलेस, मी खाटेवर बसून चहा पीत होते. साहेबांना म्हटलं, की फोटो बरोबर आहे, नाव चुकलंय. ते आधी चिडले, मग जबाब लिहून घेतला. केस होणार नाही, पण अर्ज रद्द झाला. चाळीचं अनुदान गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

तिथून वकिलाकडे गेलो. चाळीचं शेत मी तुला बक्षीसपत्राने देतेय. संध्याला विचारलं, तर तीच म्हणाली की आई, एवढा उशीर का केलास. सोमवारी सहीला ये. गल्लीतल्यांना सांग, सासूनेच आपल्या जागी उभं केलं.

पुढच्या फोटोत नाव तुझं आणि डोळेही तुझे. चष्मा खुंटीलाच राहू दे, मला आता लागत नाही.

आहे तो लोभ वाढव.
तुझी,
आत्याबाई