पकडीआधीची माती

वडीगोद्री, ता. १४ मे

ती. कल्याणदादास,

सा. न. अन् न्हाई, "खेळच तर होता" हे तू परत म्हणायचं न्हाई. फोनवर म्हणलास अन् मी कट केला, कारण फोन आईचा अन् स्पीकर कायम चालू. म्हणून पोस्टानं भांडून राह्यले.

तू तुझ्या खुर्चीतून बघितलंस, आता माझ्या खुर्चीतून बघ. मागच्या रविवारी तुझ्या जालन्याच्या रूमवर आपण बसलो, तू गोष्ट सांगून खेळ चालवणारा, मी, अंगद अन् राधेश्याम आपापल्या कागदावरचं पात्र खेळणारे. माझी निळाई तिरंदाज. सगळा हिवाळा हॉस्टेलवर बसून मी तिला बनवली, तिचा भाता, तिची मेलेली बहीण, सगळं. राक्षस अजून आला नव्हता, अन् अंगद म्हणला, माझा मल्ल निळाईला धरतो. सहज. तू म्हणलास, टाक फासा. त्याचा मोठा पडला.

मंग तुझा पकडीचा नियम. धरलेल्यानं हलायचं न्हाई, बाण सोडायचा न्हाई, आपल्या पाळीला फासा टाकायचा, धरणाऱ्यापेक्षा जास्त पडला तरच सुटका. तिरंदाजाची ताकद किती, ते तूच ठरवलेलं. माझा फासा हरत गेला, अन् दर पाळीला अंगद सांगत गेला, तिला कुठं ओढलं, कुठं दाबलं. राधेश्याम हसून राह्यलता. मी म्हणले, दादा, बास. तू म्हणलास, नियम सगळ्यांना सारखा, टाक.

अन् मी टाकला. परत टाकला. मला शरम त्याची वाटून राह्यली. उठले का न्हाई लगेच? उठले असते तर म्हणले असते, पोरींना हारता येत न्हाई. म्हणून बसून हारले.

लोभ आहे, पण सध्या लांबून.

तृप्ती


जालना, ता. १९ मे

चि. तृप्तीस,

अ. आ. (अजून चालत असले तर.)

आधी एक पत्र लिहून फाडलं. त्यात मी नियमाची बाजू मांडली होती, की मागच्या एका डावात अजगरानं राधेश्यामच्या पुजाऱ्याला तासभर विळख्यात ठेवलं तेव्हा कोणी काही बोललं न्हाई. लिहिताना बराबर वाटलं. वाचायला घेतलं तर दिसलं, अजगर काही टेबलावर समोर बसून हसत नव्हता. अन् राधेश्याम कंटाळून खाली चहा प्यायला गेल्ता, त्याला कोणी "टाक" म्हणलं न्हाई.

खरं सांगू का? तू बास म्हणलीस ते मला ऐकू आल्तं. पण थांबवलं तर अंगद म्हणल, चुलत बहिणीला सूट दिली. बहिणीला सूट दिली म्हणतील, म्हणून बहिणीला धरून ठेवलं. हे लिहिताना कान गरम होऊन राह्यलेत.

अंगदला बोललो. तो म्हणला, मी तृप्तीला कुठं हात लावला, कागदावरच्या बाईला लावला. लई राग आला. मंग आठवलं, फोनवर मी तुला दुसऱ्या शब्दांत हेच म्हणलो होतो.

एक मागणं आहे. रखमाजीकाकांना, तुझ्या आबांना, सांगू नको. पकडीचे डाव मी त्यांनाच विचारून बसवले होते. त्यांच्यापुढं मला उभं राहता येणार न्हाई. काकूंना नमस्कार. तुझा शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घासून ठेवलाय, चटणी मात्र राधेश्यामनं संपवली.

राग असू दे, त्याच्या बुडाशी थोडा लोभबी राहू दे.

कल्याण


वडीगोद्री, ता. २४ मे

ती. दादास,

सा. न. सांगितलं न्हाई. पण आबा काय सांगून राह्यलेत ते ऐक. हायवेवरचं टायरचं दुकान, चहाची टपरी, जिथं बसतील तिथं, आमच्या पुतण्यानं खेळ काढला, त्यात माझ्या पकडी घेतल्या. टपरीवाले सर्जेरावमामा विचारतात, पहिलवान, तुमचा हिस्सा किती? आबा लाजतात. गुडघा गेल्यापासून त्यांना पहिलवान म्हणून कोणी काही विचारलंच नव्हतं. तू विचारलंस.

काल जेवताना म्हणले, चालल्या का गं आपल्या पकडी? मी म्हणले, बराबर चालल्या. खोटं बोलले. मंग म्हणले, पोरं आधी माती देतात का? मला कळंना. तर ताट सारून उठले, लंगडत अंगणात नेलं, चिमूटभर माती माझ्या हातावर ठेवली अन् स्वतःचा हात पुढं केला, आता तू मला दे. म्हणले, समोरच्यानं माती घेतली तरच त्याच्या अंगाला हात. न्हाई घेतली तर कुस्ती न्हाई, दोघांनी आखाड्यातून खाली उतरायचं. बाकीचे सगळे डाव याच्या मागून. म्हणले, कल्याणला फोनवर पहिलं हेच सांगितलं.

दादा, सांगितलं होतं का?

लोभाचं तुझं उत्तर आल्यावर बघू.

तृप्ती


जालना, ता. २९ मे

चि. तृप्तीस,

अ. आ. सांगितलं होतं. मी म्हणलो, ते राहू द्या काका, जल्दी पुढचं सांगा.

काका बरं म्हणले. मंग पुढचं सांगायला लागले.

नियम बदललाय. हॉस्टेल उघडलं की रविवारी ये. पोरांना सांगितलंय. अंगद येईल का न्हाई ते माहीत न्हाई, न आला तर न आला.

लोभ मागायचं तोंड न्हाई.

कल्याण


जालना, तुझी रूम, रविवार, ता. १५ जून

ती. दादास,

सा. न. तू दूध आणायला गेलाय म्हणून घरमालकीणबाईंनी दार उघडून दिलं. डबा घेतला. खुर्च्या मांडल्यास, माझी खिडकीपाशी, तेबी बघितलं. भिंतीवरचा नवा नियम वाचला, "पकडीआधी समोरच्याला विचारावं." ठीक आहे. पोस्टरासारखा आहे.

फाशांजवळ एक पुडी ठेवलीय. आबांनी दिलीय. गावातली तालीम बंद पडली, तिथली माती. काल शेजारच्या भुजंगला संगं घेऊन गेले, खणली, चाळली, तेल, ताक अन् हळद घालून कालवली, दिवसभर वाळवली. वाकता येत न्हाई तरी. मी विचारलं, ही कशाला? तर म्हणले, पोरांची माती आतापर्यंत देऊन देऊन संपली असेल.

मी म्हणले, हो आबा, संपलीच.

हे दुसरं खोटं तुझ्यासाठी बोलले. तिसरं न्हाई बोलणार. त्यांना फोन तू लाव. म्हण, काका, मागं मी राहू द्या म्हणलो होतो, ते आता सांगा. अन् का विचारून राह्यलास, तेबी सांग. सगळं. ते काय म्हणतील ते ऐकून घे, मधी बोलू नको. त्यानंतर बोलवलंस तर मी बसायचं का न्हाई ते बघेन. तोवर निळाईचा कागद माझ्यासंगं चाललाय.

खाली तुझी गाडी थांबली. मी मागच्या जिन्यानं निघाले.

तृप्ती