रुईच्या पेटीतला आवाज

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार

मशीन आज पुरं झालं. हारुनने शेवटचा स्क्रू पिळला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "घ्या भाऊ, ऐका आता तुमचा तंबोरा." ऐकला. तंबोऱ्याच्या मागे एक बारीक शिटी. कुकरला वाफ धरायला लागते तेव्हा जी असते तशी, फक्त न थांबणारी.

मला या जन्मी संगणक नको होता. पण टेपा सडायला लागल्या. चौऱ्याहत्तर सालच्या मैफलीची ती टेप — हारुनच्या वडिलांनी, माझ्या सभांचे भोंगे बांधणाऱ्या रमजानने, स्वतःच्या यंत्रावर घेतलेली. बाई गायला लागण्याआधी तीन मिनिटं नुसता तंबोरा आहे. ती तीन मिनिटं मला निखळ हवीत, बाकी काही नको. हारुन म्हणाला, टेप मशीनमध्ये उतरवू, खरखर काढू, आणि मशीन असं बांधू की खोलीत आहे की नाही कळू नये. मी विश्वास ठेवला. माणसावर विश्वास ठेवा म्हणून तीस वर्षं गावोगाव गर्जलो. रमजानच्या मुलावर ठेवणार नाही तर कोणावर?

शिटी आहे मात्र.

१६ नोव्हेंबर

हारुन दिवसभर इथेच. मशीनच्या पंख्याला बारा व्होल्टऐवजी सात दिले — मंद फिरतो, पाती मोजता येतात. हार्ड डिस्क सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगली, झोळीत मूल ठेवावं तशी. सगळ्याभोवती प्लायवूडची पेटी. आतून कापसाच्या जिनिंगमधून आणलेल्या रुईचं अस्तर, मागे हवेला भोक. मेहरूण तलावाच्या बाजूने येणारे जाणारे खिडकीतून डोकावून विचारतात, भाऊ, कोंबड्या पाळताय का?

शिटी तशीच. हारुन पेटीला कान लावून बसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, आता याच्यात आवाज करणारं राहिलंच काय?"

हा प्रश्न होता की मला गप्प करणं होतं?

१७ नोव्हेंबर

बायकोला, कुंदाला, पेटीजवळ बसवलं. "मला तर काही ऐकू येत नाही हो." धुणंभांडी करणाऱ्या झुंबरबाईलाही बोलावलं. ती ओले हात पदराला पुसत म्हणाली, "आवाज कोठे शे, भाऊ? माले तं काही ऐकू येत नई."

हारुन, कुंदा, झुंबरबाई. तीन माणसं आणि एकच वाक्य. पढवलेली साक्ष अशीच असते.

२० नोव्हेंबर

हार्ड डिस्कच्या लेबलचा एक कोपरा खरवडलेला आहे. नवी वस्तू आणि खरवडलेली? हारुनला दाखवलं. "दुकानातून आणताना घासलं असेल." असेल! मी म्हणालो, मला 'असेल' नको, 'आहे' सांग. तो दुकानात गेला. तासाभरात दुसरी डिस्क घेऊन आला, पाकीट माझ्यासमोर फोडलं. बसवली. शिटी तीच.

म्हणजे दुसरीही जुनीच. पाकीट काय, कोणीही चिकटवतो.

जाताना दारात चपला घालता घालता म्हणाला, "अब्बापण शेवटी शेवटी असंच म्हणायचे." काय म्हणायचा रमजान? विचारलं तर मान हलवली आणि गेला. मेलेल्या बापाचं नाव काढून समोरच्याला मऊ करायचं, ही युक्ती मला ठाऊक आहे. व्यासपीठावर मीही वापरली आहे.

२१ नोव्हेंबर

दुपारी आडवा झालो. मशीन बंद. तरी शिटी कानात घोळत राहिली. खोटी वस्तू एकदा घरात आली की अशी डोक्यात घर करते.

२३ नोव्हेंबर

ग्राहक मंडळाचा चुडामण येऊन गेला. पाच डिसेंबरला जळगावात ग्राहकांचा मेळावा, मुख्य वक्ता मी. विषय — संगणकाच्या धंद्यातली फसवणूक. तो म्हणाला, "भाऊ, तुमचं बोलणं म्हणजे कसं, नाव घेऊन पाहिजे. मोघम ऐकायला लोक येत नाहीत." मी म्हणालो, नाव घेईन, पण हातात पुरावा असेल तरच.

माझी नेहमीची अटही सांगितली. चार भोंगे लोकांकडे, एक माझ्याकडे तोंड करून, खांद्याच्या उंचीवर. आपला आवाज आपल्यावर आदळला नाही तर मला बोलणं सुधरत नाही. रमजानला हे कधी सांगावं लागलं नाही. सोनगीरच्या बाजारात त्याने भोंगा इतका जवळ बांधला होता की माझी बाही हलत होती. स्वतः तो भोंग्याखालीच बसायचा, माझं भाषण संपेपर्यंत. तीस वर्षं.

त्याचा मुलगा असा निघावा.

२५ नोव्हेंबर

वाचनालयातून लवकर परतलो. हारुनची लूना दाराशी. तो आणि कुंदा स्वयंपाकघरात, अगदी हळू बोलत होते. मला पाहिलं आणि थांबले.

"काय चाललंय?"

"चहा," कुंदा म्हणाली.

शेगडीवर काहीच नव्हतं. गॅससुद्धा पेटलेला नव्हता. हारुन उठून म्हणाला, "येतो भाभी, मी सांगतो तसं बघा." काय बघा? हल्ली सगळेच पुटपुटतात. मोठ्याने बोलायची ज्यांची छाती नाही, त्यांच्या बोलण्यात काहीतरी लपवायचं असतं.

२८ नोव्हेंबर

सापडलं.

साखरेच्या डब्याखाली चिठ्ठी. हारुनचं अक्षर. "खैरनार, गल्ली नं. ४, पहिला मजला, धुळे. गुरुवार २ तारीख, सकाळी ११."

धुळ्याला जुने सुटे भाग धुऊनपुसून नव्या पाकिटात भरणारे आहेत, हे मला दोघांनी सांगितलं होतं. तो खैरनार यातलाच. पण चिठ्ठी माझ्या घरात, कुंदाच्या डब्याखाली का? तिला काय मिळतं यातून? बत्तीस वर्षांचा संसार.

चिठ्ठी होती तशी ठेवली.

१ डिसेंबर, बुधवार

सकाळी कुंदा म्हणाली, "उद्या धुळ्याला जाऊ या का? जरा फिरणं होईल. हारुन गाडी आणतो म्हणाला."

"धुळ्याला काय आहे?"

"कापड घ्यायचंय."

"जळगावातलं कापड संपलं?"

तिने कपबशी बाजूला सारली. मग टेबलावरचा माझा हात हातात घेतला. असं ती दिवसाढवळ्या कधी करत नाही. मी सोडवून घेतला. मला त्यांच्या गाडीत बसवून नेणार, खैरनारच्या गोड बोलण्यात गुंतवणार, आणि रविवारच्या आत माझं तोंड बंद करणार — यापेक्षा वेगळा अर्थ निघत नाही. तिला म्हणालो, उद्या मला अमळनेरला काम आहे.

पहाटेच्या एस.टी.ने एकटाच जातो. खैरनारला रंगेहाथ धरायचं.

रविवारच्या भाषणाचं शेवटचं वाक्य झालं: "ज्याच्या बापाने आमचा आवाज गावोगाव पोचवला, त्या हारुन शेखने आमच्या घरात खोट आणून बसवली." तीन वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं. वाक्य चांगलं उतरलं आहे. हे म्हटल्यावर त्याच्या दुकानाची पायरी कोणी चढणार नाही. वाईट वाटतं. पण सत्य बोलताना वाईट वाटून चालत नाही.

२ डिसेंबर, गुरुवार. धुळे बसस्थानक

गल्ली नंबर चार. जिना चढलो. दारावर पाटी — डॉ. खैरनार, कान-नाक-घसा.

टेबलामागच्या बाईंनी वही पाहिली. "जळगावचे जीवरामभाऊ ना? एकटेच आलात? हारुनभाई घेऊन येणार होते. त्यांच्या वडिलांनाही तेच आणायचे."

डॉक्टरांनी एका लहान खोलीत बसवलं. भिंतींना जाड गादी, दाराला रबर. आमच्या पेटीसारखीच, फक्त माणसाच्या मापाची. दार बाहेरून लावलं.

आत पंखा नाही, मशीन नाही. खिशात रविवारचं भाषण.

शिटी होती.