चौथ्या मजल्यावरची पिवळी पट्टी

३ मार्च, सोमवार

आज परत हाकललं! सव्वाअकराला फोन — "अर्ध्या तासात घर मोकळं हवं, गिऱ्हाईक येतंय." ही आमची घड्याळबाई. कंपनीची विक्रीवाली. मनगटाकडे बघितल्याशिवाय नमस्कारसुद्धा करत नाही, म्हणून मी ठेवलेलं नाव.

अर्ध्या तासात काय काय करायचं माणसाने? बिछाने ताणायचे. उशा फोटोत आहेत तश्शा उभ्या करायच्या — कोपऱ्या-कोपऱ्याचा फोटो दिलाय कंपनीने, बोटभर इकडेतिकडे चालत नाही. टूथब्रश, औषधं, चपला, आईची कवळी ठेवायची वाटी, सगळं चाकांच्या दोन पेट्यांत. पेट्या लिफ्टने तळघरात. मग आईला कोट चढवायचा. एकोणऐंशीची बाई ती, दहादा विचारते, "कुठे जायचंय गं, ठमे?" "फिरायला." "आत्ताच तर आलो फिरून!" तिचंही खोटं नाही. कालच हाकललं होतं.

समोरच्या बागेत बाकावर दीड तास. हाडं गारठली. गिऱ्हाइकाला घर पसंत नाही पडलं. बरं झालं!

५ मार्च, बुधवार

कधीकधी मलाच हसू येतं. साठीला टेकलेली मी. दादाच्या दोन खोल्यांत त्याची चार माणसं आणि आम्ही दोघी मावेनात म्हणून बाहेर पडले, आणि राहते कुठे? तर अख्खा मजला! शहराच्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात ऐटदार गल्लीत. पूर्वी इथे हातमोज्यांचा कारखाना होता. लोखंडी खांब तसेच ठेवलेत, विटा उघड्या, खिडक्या दोन पुरुष उंच. लिफ्ट उघडली की पाऊल थेट दिवाणखान्यात.

रिकामं घर लवकर विकलं जात नाही म्हणे. म्हणून कंपनी आमच्यासारख्यांना नाममात्र भाड्यात आत ठेवते. घर राहतं दिसलं पाहिजे, राहणारे मात्र दिसता कामा नयेत! विकलं गेलं की पंधरा दिवसांत आपण बाहेर. पुढचं घर द्यायच्या आधी घरातल्या सगळ्यांना ऑफिसात बोलावतात, कारण अट आहे जाड अक्षरांत — घरात आजारी माणूस नको. गेल्या वर्षी आई बरी होती, खपून गेलं. आता पाच मिनिटं कोणी बोललं तिच्याशी की झाकली मूठ उघडली. मग दादा म्हणतो तो वृद्धाश्रम. "सोय चांगली आहे गं तिथे. आणि तू तरी किती करणार?"

म्हणून हे घर विकलं जाता कामा नये. बस्स.

९ मार्च, रविवार

वाईट दिवस. सहा दारं आहेत ओळीने. सहाही पांढरी. कडी नाही, मूठ नाही, बोट घालून ओढायला एकेक गोल भोक. त्यांतलं एक न्हाणीघर, बाकी नुसती कपाटं. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे! आईला आज सापडलं नाही. चपलांच्या कपाटात उभी होती, ओल्या कपड्यांत. "मी घाणेरडी झाले गं," म्हणाली. तिला धुतलं, कपाट पुसलं. ती झोपल्यावर नळ सोडून मी पोटभर रडले.

१० मार्च, सोमवार

आपल्या जुन्या स्वयंपाकघराचा पिवळा पडदा होता पेटीच्या तळाशी. हातभर पट्टी फाडली, न्हाणीघराच्या दाराच्या भोकातून ओवून गाठ मारली. आई लांबूनच, "अय्या! आपला पडदा!"

१४ मार्च, शुक्रवार

चार दिवस झाले, एकदाही चुकली नाही! बिछान्यावरून उठते, पुटपुटत जाते — "खांब, खांब, पिवळं." परत येताना मान अशी ताठ, जशी काही लढाई जिंकून आली! गिऱ्हाईक यायच्या आधी मी पट्टी सोडते, गेल्यावर बांधते. फोटोत पट्टी नाही ना. घड्याळबाईच्या नजरेला पडली तर पहिला प्रश्न तोच — कशाला हवी?

१५ मार्च, शनिवार

फोन आला तेव्हा मासळी तळायला घेतली. मुद्दामच! खिडक्या बंद, तेल चांगलं जळू दिलं. नवरा-बायको नाकाला रुमाल लावून पाच मिनिटांत खाली. घड्याळबाई तणतणली. मी म्हटलं, "अहो, म्हातारीला खावंसं वाटलं." चोर ते चोर, वर शिरजोर! लाज वाटली थोडी. फार नाही.

२२ मार्च, शनिवार

आज गरम हवेचं यंत्र बंद करून गेले. एवढा मोठा मजला, तासाभरात बर्फाचा कारखाना. गिऱ्हाईक शिंकत उतरलं. पण आम्हीही तेवढाच वेळ बागेत काकडत होतो. रात्रभर आई खोकली. कुणासाठी करतेय मी हे सगळं, आणि त्रास कुणाला!

२३ मार्च, रविवार

कोणी आलं नाही. झोपले. अजून झोपावंसं वाटतंय.

२८ मार्च, शुक्रवार

घात झाला! दहाला फोन, आणि दहा वाजून दहा मिनिटांनी लिफ्टचं दार उघडून घड्याळबाई हजर. आयुष्यात पहिल्यांदा घड्याळ चुकलं तिचं! बरोबर करड्या कोटातले एक आजोबा, एकटेच. मी पेट्या भरत होते. आई एका पायात मोजा घालून मधोमध उभी.

"या, बसा ना," आई त्यांना म्हणाली. "ठमी चहा टाकेल." आजोबा बसले! आईने विचारलं, "कुठून आलात?" "नदीपलीकडून." चहा होईपर्यंत तिने तेच आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी पहिल्यांदाच ऐकतोय अशा आवाजात सांगितलं, "नदीपलीकडून." घड्याळबाईचा चेहरा बघायची हिंमत नाही झाली. चहा दिला, आईला धरून बाहेर काढलं.

बागेत बाकावर टेकले आणि आठवलं — पट्टी! दारालाच राहिली.

२ एप्रिल, बुधवार

फोन नाही. ही बाई एवढी गप्प कधीच नसते. जेवण जात नाही.

५ एप्रिल, शनिवार

घर विकलं गेलं.

घड्याळबाई स्वतः आली. बसली — तीही पहिल्यांदाच. म्हणाली, "आजोबांनी खिडक्या बघितल्या नाहीत, स्वयंपाकघर बघितलं नाही. त्या दाराशी थांबले. ही चिंधी कोणी बांधली, विचारलं. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक! तर म्हणाले, घेतो. त्यांची बायको विसरते सगळं. म्हणाले, दारं शोधत फिरते घरभर, आणि हे कधी सुचलंच नाही मला. जिथे कुणाला सुचलं तिथेच तिला आणतो."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मासळी जाळली, थंडीत बसले, आणि घर विकलं माझ्याच गाठीने.

"आईंचं मला कळवावं लागेल ऑफिसात," ती म्हणाली. घड्याळाकडे न बघता. "पुढचं घर नाही मिळायचं. माफ करा." बिचारी. तिची तरी काय चूक?

आईला सांगितलं — आपण जाणार, इथे एक बाई येणार, तिलाही दारं सापडत नाहीत. "अरेरे," म्हणाली, आणि चहा मागितला. दहा मिनिटांनी परत मागितला.

११ एप्रिल, शुक्रवार

दादाबरोबर आश्रम बघून आले. स्वच्छ आहे. लांबच लांब बोळ, दोन्हीकडे एकसारखी दारं. सही केली.

१९ एप्रिल, शनिवार

पेट्या खाली गेल्या. दादा गाडी घेऊन आला, आईला न्यायला वर आला. मी पट्टी सोडून पर्समध्ये टाकली, आश्रमातल्या दाराला बांधायला. आई लिफ्टपाशी अडून बसली. "ठमे, पिवळं कुठे गेलं? बांध ते परत. ती बाई येईल, तिला कसं सापडेल?" चौदा दिवसांपूर्वी सांगितलेलं! सकाळचा चहा दुपारी आठवत नाही हिला. दादाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मी जाऊन गाठ मारली. गाडीत म्हटलं, "मी जमिनीवर झोपेन." चौकात आश्रमाचा रस्ता उजवीकडे होता, त्याने गाडी डावीकडे घेतली, त्याच्या घराकडे.